हजेरीवरचं नाव

गोताडवाडी, ता. रत्नागिरी
४ मे १९८४

चिरंजीव भावजी यांस,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही, पण वयाने मोठी आहे म्हणून लिहिते. आशीर्वाद.

तुमच्या दादांचे पाय गेले. तोडले नाहीत, आहेत, पण असून नसल्यासारखे. पौषात आंब्याच्या बागेत फवारणी करताना कलमावरून खाली उतरले ते तोंडाला फेस घेऊनच. आठ दिवस दवाखान्यात होते. घरी आले तेव्हा काठी टेकत चालत होते, मी म्हटलं, चला, देवाने राखलं. पंधरा दिवसांनी पायाची बोटं उचलेनात. चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि ह्यांना कळायचंही नाही. आता मांडीपर्यंत आलंय. हात कापतात. चहा मी बशीतून पाजते. डॉक्टर म्हणाले, फवारणीच्या औषधाने नसा मेल्या, आता उतार पडायचा नाही.

हे तुमच्या कानावर नसेल असं मी धरत नाही. वाडीतले चाकरमानी शिमग्याला येऊन गेले, त्यांनी परत जाऊन सांगितलं असणारच. आला नाहीत ते तुम्हीच.

रडगाणं गायला पत्र लिहीत नाही, कामाचं आहे. कामात अपंग झालेल्या माणसाला सरकारातून दरमहा मदत मिळते असं शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं. अर्जही त्यांनीच लिहून दिला. तो घेऊन मी कचेरीत गेले. कारकुनाने कागद उलटेपालटे केले आणि म्हणाला, "बागेच्या हजेरीवर नाव हरिश्चंद्र गोताड. दवाखान्याच्या कागदावर हरिश्चंद्र गोताड. आणि अर्ज भागोजी गोताडचा. हा भागोजी कोण बाई?"

आता काय सांगायचं त्याला! तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी लिहून ठेवते, म्हणजे विसरलो म्हणायला जागा नको. गिरण्यांच्या संपात तुम्ही घरी आलात आणि रावजी मुकादमाच्या हाताखाली फवारणीला चढू लागलात. गेल्या मार्गशीर्षात रावजीने पहिल्या कलमाखाली नारळ ठेवून बागेच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घातलं, त्यात वर चढणारा गडी म्हणून तुमचं नाव घातलं. चौथ्या दिवशी गिरणी पुन्हा माणसं घेतेय असा निरोप आला, आणि तुम्ही पहिल्या गाडीने पसार. थोरल्या भावाला सांगायचीसुद्धा गरज वाटली नाही. गाऱ्हाण्यात घातलेलं नाव आंबा उतरेपर्यंत बदलायचं नाही, ही आपल्याकडची रीत. म्हणून तुमच्या जागी हे चढले, तुमच्याच नावाने. रोज सकाळी रावजी हाक मारायचा, "हरिश्चंद्र!" आणि हे म्हणायचे, "हजर!" सगळे गडी हसायचे.

तर तुम्ही यायचं, साहेबासमोर उभं राहायचं आणि एवढंच सांगायचं, की त्या दिवशी मी मुंबईत होतो, झाडावर माझा भाऊ होता. लिहून सही करायची. एका दिवसाचं काम आहे. दुसऱ्या दिवशी परत जा, आम्ही अडवणार नाही.

तुळसा वहिनी


२० सप्टेंबर १९८४

भावजी,

गणपती आले, गेले. वाट बघितली नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला? दोन दिवस मुंबईची गाडी यायच्या वेळेला मला काही ना काही काम निघायचं थांब्यावर.

कचेरीतून दोन तारखा झाल्या. पहिल्या तारखेला साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या तारखेला भेटले, बरा वाटला माणूस, बसा म्हणाला. पण पुढे तेच. "ज्याचं नाव कागदावर आहे त्याला आणा. तो आला की तुमचं काम झालंच म्हणून समजा." मी म्हटलं, आणते. मोठी आणणारी मी!

दवाखान्यात तरी खरं नाव का सांगितलं नाही, असं तुम्ही म्हणाल. कचेरीत सगळे तेच म्हणतात. ऐका. ह्यांना जीपमधून उतरवलं तेव्हा शुद्ध नव्हती. खिडकीतल्या माणसाने विचारलं, पेशंटचं नाव काय? आता मी ह्यांचं नाव कसं घेणार? लग्न झाल्यापासून एकदाही तोंडाने घेतलेलं नाही, उंबरठा ओलांडताना बायका अडवतात तेव्हासुद्धा मी उखाणा अर्धाच टाकून पळायची. मी पदर तोंडाला लावून रावजीकडे बघितलं. रावजीच्या तोंडात महिनाभर बसलेलं तेच आलं, "हरिश्चंद्र गोताड." खिडकीतल्याने लिहून टाकलं. मला ऐकू आलं होतं, भावजी. मी म्हटलं, आधी माणूस वाचू दे, नावाचं मागाहून बघू. हे मागाहून अजून चाललंय.

ह्यांचा तुमच्यावरचा राग उतरलेला नाही. "त्याचं नाव काढू नको माझ्यासमोर," म्हणतात. परवा मी म्हटलं, "अहो, ते आता तुमचंच नाव झालंय, काढणार कसं?" तसे हसले. पौषापासून पहिल्यांदा हसले. मग मी त्यांना सांगून टाकलं, की भावजींचं पत्र आलंय, तुमची तब्येत विचारलीय. तुम्ही विचारली नाहीत. पाप लागलं तर मला लागो.

तुळसा


११ मार्च १९८५

भावजी,

परवा पालखी घरी आली. दरवर्षी हे खांद्यावर घेऊन नाचवायचे, तुम्ही लहान होतात तेव्हा तुम्हाला दुसऱ्या खांद्यावर बसवून. या वर्षी ह्यांना खाटेसकट अंगणात आणून ठेवलं. पालखी नाचवणाऱ्यांनी ह्यांच्या अंगावरून नेली, देवाचा हात लागू दे म्हणून. ह्यांनी डोळे मिटले ते पालखी शेजारच्या घरी पोचेपर्यंत उघडले नाहीत.

अर्जाचं म्हणाल तर साहेब बदलला. नवा म्हणतो, पहिल्यापासून वाचावं लागेल. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, आमचं वर्ष झालं. बागेच्या मालकाकडेही चिठ्ठी गेली होती. त्यांनी लिहून दिलं, भागोजी नावाचा कोणी गडी आमच्या हजेरीवर नव्हता. खोटंही नाही ते, बघा! रावजी मला पऱ्याच्या पाण्याशी गाठून म्हणाला, "तुळसा, मला सगळं ठाऊक आहे गो. पण माझी चूल त्या बागेवर आहे." माझीही त्याच बागेवर होती, पेट्या भरायला जायची मी. अर्ज केल्यावर मला येऊ नको म्हणाले. आता चिरेखाणीवर जाते. चिमाची शाळा सुटली, ती बापाजवळ बसते. नऊ वर्षांची पोर बापाला कूस वळवते.

आज एक लिहायचंच म्हणून बसले आहे. तुम्ही पळालात म्हणून हे चढले, असं मी तुम्हाला लिहिलं. वाडीत सगळ्यांना हेच सांगते. ते अर्धं आहे. तुम्ही गेलात त्या सकाळी हे म्हणाले, "मी नाय जायचा. त्या औषधाच्या वासाने मला मळमळतं. रावजी दुसरा गडी बघेल." जात नव्हते ते, भावजी. मीच म्हटलं, "राखणदारापुढे घराचं नाव घातलंय. जागा रिकामी राहिली आणि मोहोर गळला, तर सगळे आपल्याला बोल लावतील. बायकांत मला तोंड दाखवायला जागा राहायची नाही." तरी हे उठेनात, तेव्हा मी आणखी बोलले. धाकटा दोन वर्षं चढला आणि थोरला घाबरतो, असं बोलले. मग उठले. डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि गेले.

ह्यांनी आजपर्यंत एका शब्दाने ते काढलेलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. मी रोज वाट बघते, आज बोलतील, आज बोलतील. म्हणून म्हणते, तुम्हाला एकट्याला दोष देत नाही. अर्धा माझा. पण तुमच्या अर्ध्यासाठी तरी या.

तुळसा


९ जानेवारी १९८६

भावजी,

डॉक्टरांचा दाखला जुना झाला म्हणे, एक वर्षाच्या वरचा चालत नाही. म्हणजे पाय जायला एक वर्ष झालं की ते परत येतात की काय? मी विचारलं तसं. कारकून हसला नाही. नवीन दाखला आणायला ह्यांना खुर्चीला बांबू बांधून चौघांनी कातळाच्या सड्यावरून खाली उतरवलं, तिथून गाडीने दवाखान्यात. डॉक्टर रजेवर. आठ दिवसांनी पुन्हा सगळं तेच. दाखला मिळाला. त्यावर नाव जुन्या कागदावरून उतरवलं, हरिश्चंद्र.

हे भांडले. हात कापत होते तरी टेबलाची कड धरून डॉक्टरांना म्हणाले, "माझं नाव भागोजी. मेलो तर याच नावाने मरेन." डॉक्टर चांगला माणूस, म्हणाला, "बाबा, मी जुन्या कागदाबाहेर जाऊ शकत नाही."

पाठीला जखम झालीय. त्याहून जास्त लिहवत नाही. हे भावाला नाही तर नाही, निदान माणसाला म्हणून लिहिते. या.

तुळसा


१७ ऑगस्ट १९८६

हरिश्चंद्रा,

तुझं पत्र पोचलं. सव्वादोन वर्षांनी अर्धं पान! शाबास तुझी!

गिरणीत पुन्हा घेताना तू लिहून दिलंस, की संपाच्या काळात गावी आजारी होतो, दुसरीकडे कुठे कामाला नव्हतो. आता कचेरीत येऊन बागेच्या हजेरीवर माझं नाव होतं असं म्हणालास तर नोकरी जाईल. तुझ्या सखूचे दिवस भरत आलेत, पहिला मुलगा लहान. "वहिनी, तुम्हीच सांगा मी काय करू?" मी सांगू? अरे, तू नऊ वर्षांचा होतास तेव्हा मी या घरात आले. तुझ्या डोक्यातल्या उवा मी काढल्या. तुझ्या पाटीवर तुझ्याबरोबर मी अक्षरं गिरवली, आणि तुला ग येत नव्हता तो मी तुला शिकवला. तापात तुला पाठुंगळी घेऊन हे पावसातून चार कोस चालले होते. त्या पायांसाठी एक सही मागितली तुझ्याकडे. एक सही रे!

वाटलं होतं पत्र चुलीत घालावं. पण ह्यांनी टपालवाल्याचा आवाज ऐकला होता, वाच म्हणाले. वाचलं, एक शब्द गाळला नाही. मला वाटलं आता शिव्या देतील. तर म्हणाले, "सखूला कितवा महिना?"

मी म्हटलं, आठवा असेल.

"त्याची नोकरी जायला नको," म्हणाले. आणि मग म्हणाले, "तो गेला त्या दिवशी मी त्याला मनातून घाण शिवी दिली होती. आमच्या आवशीवरून. दोघांना जन्म दिलेली आपलीच आवस ना ती." रडले, भावजी. हात कापतात म्हणून डोळेही पुसता येत नाहीत, मी पुसले.

वर रागात अरेतुरे केलं ते खोडत नाही. कागद एकच आहे.

तुळसा


२१ फेब्रुवारी १९८७

चिरंजीव भावजी यांस अनेक आशीर्वाद. सखूला आणि दोन्ही बाळांना आशीर्वाद. मुलगी झाली असं कळलं, आनंद वाटला.

सोमवारी शेवटची तारीख होती. चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं, हरिश्चंद्र गोताड हजर न राहिल्यास अर्ज निकाली काढण्यात येईल. मी म्हटलं, जाऊन काय उपयोग? हे म्हणाले, "ने मला." गावच्या पोलीसपाटलांनी, आप्पा पाटलांनी, माणसं दिली, पुन्हा खुर्ची, पुन्हा बांबू. मला वाटलं, साहेबाला हात जोडून शेवटचं सांगणार असतील.

कचेरीत बाकावर जागा नव्हती, खुर्ची दारातच ठेवली. शिपायाने पुकारलं, "हरिश्चंद्र गोताड!"

हे म्हणाले, "हजर."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघेनात. साहेबाने कागद वर केला, म्हणाला, "तुम्हीच हरिश्चंद्र? मग अर्ज करणारा भागोजी कोण?"

"माझा थोरला भाऊ," हे म्हणाले. "मी आजारी, म्हणून अर्ज त्याने घातला. अडाणी माणूस, स्वतःचंच नाव घालून बसला."

"कुठे असतो तो?"

"मुंबयला. गिरणीत. बरा आहे. चालतो, फिरतो, दोन पोरं आहेत त्याला."

साहेब कपाळावर हात मारून घेऊन म्हणाला, "तीन वर्षं! एवढी साधी गोष्ट तीन वर्षांत कोणी सांगितली नाही?" कारकून आता नवा होता, तोही हसला. सगळी कचेरी हसली हो. मग कामं अशी भराभर झाली की मला बघायलाही वेळ मिळाला नाही. कारकुनाने ह्यांचा अंगठा धरून शाईत बुडवला, कापत होता म्हणून दोनदा उठवला. मग मला म्हणाला, "बाई, तुम्ही पत्नी ना? पूर्ण नाव सांगा, नवऱ्याच्या नावासकट."

ह्यांनी मान खाली घातली होती. मी सांगितलं. तुळसा हरिश्चंद्र गोताड. मोठ्याने सांगितलं, त्याने पुन्हा विचारू नये म्हणून. आणि तेच नाव लिहून सही केली. भावजी, ज्या पोराला मी न्हाऊमाखू घातलं त्याची बायको म्हणून सरकारी कागदावर सही केली मी. सखूला हे सांगू नका. किंवा सांगा, तिला कळेल, बाईमाणूस आहे. तिची मी पाया पडून माफी मागते.

परत येताना गाडीत ह्यांना खिडकीजवळ बसवलं. मी रडत होते, रागही आला होता. म्हटलं, "मरेन तर स्वतःच्याच नावाने मरेन म्हणणारे तुम्ही, हे काय केलंत?" तर म्हणाले, "चिमाला शाळेत घाल आता. आणि बघ, मी बरा आहे असं सांगून आलो. निदान कागदावर तरी कुठेतरी चालतोय मी." वर हसले. मला नाही हसू आलं.

पुढच्या महिन्यापासून मदत सुरू होईल. आप्पा पाटलांनी, हाच तो हरिश्चंद्र, असा दाखला दिला आणि शिक्का मारताना तोंड फिरवलं. सगळी वाडी गप्प राहील, आपली माणसं आहेत. पण बागेचा मालक टपलेला आहे. कचेरीतला तो नवा कारकून शेजारच्या गावचा, शिमग्याला पालखीबरोबर वाडीत येईल. दरसाल हयातीचा दाखला न्यायचा आहे, हरिश्चंद्र जिवंत असल्याचा.

म्हणून हे पत्र. शिमगा तीन आठवड्यांवर आलाय. पावणेतीन वर्षं मी तुम्हाला या, या म्हणून लिहिलं, शिव्या दिल्या, पाया पडले. आता सांगते ते नीट ऐका. येऊ नका. शिमग्याला नको, गणपतीत नको. थांब्यावर उतरलात की कोणीतरी पोर ओरडेल, अरे हरिश्चंद्रकाका आला! मग एका वाडीत दोन हरिश्चंद्र व्हायचे. त्यातला एक खोटा ठरला तर तुरुंगात जायचा तो खुर्चीवरून न उठणारा. तुमचीही नोकरी जाईल. ह्यांनी तेवढ्याचसाठी हे केलं.

ह्यांची पाठीची जखम भरत नाही. डॉक्टर जे बोलले ते मी ह्यांना सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते, फार दिवस नाहीत. जातील तेव्हा दाखल्यावर नाव तुमचं लागेल. भागोजी गोताड गेला असं कुठल्याही कागदावर कधी यायचं नाही. मी तार करणार नाही. पत्रही लिहिणार नाही, कोणाच्या हाती लागलं तर? तेव्हा तुम्ही असं करा, आजच डोक्यावरून पाणी घ्या आणि भावासाठी रडायचं ते रडून घ्या. पुढे तुम्हाला कळवायला कोणी येणार नाही.

ह्यांनी तुम्हाला आशीर्वाद सांगितलाय. खरंच सांगितलाय, या वेळी मी माझ्या पदरचं घातलेलं नाही.

येऊ नका, भावजी.

तुमची वहिनीच,
तुळसा